पाचवं वलय : कॅम्प्टोथेसिनचा प्रकरण अभ्यास

एम.फार्म.च्या दोन विद्यार्थिनी सकाळपासून एका फिकट पिवळ्या भुकटीच्या मागे लागल्या होत्या. भुकटी म्हणजे शुद्ध कॅम्प्टोथेसिन, अवघे काही मिलिग्रॅम. हातमोजे, मास्क, फ्यूम हूड असा सगळा जामानिमा, कारण हे पेशी मारणारं रसायन आहे. पण पाण्यात ते काही केल्या विरघळेना. ढवळून झालं, कोमट करून झालं, सोनिकेटरमध्ये ठेवून झालं. हात थांबला की गाळ पुन्हा तळाशी. शेवटी एकीने सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड घातलं आणि थोड्या वेळाने द्रावण स्वच्छ, पारदर्शक पिवळं झालं. "सर, विरघळलं!" मी म्हटलं, "छान. आता याच्यात हळूहळू आम्ल घाला." पीएच उतरत गेला तशी नळी गढूळ झाली, आणि आम्ही जेवून परत येईपर्यंत भुकटी पुन्हा तळाला बसली होती.

त्या नळीत जे घडलं तेच पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांच्या शरीरात घडलं होतं. त्याची किंमत त्या रुग्णांनी मोजली, आणि एक उत्तम औषध जवळजवळ कायमचं हातचं गेलं. मी औषधी रसायनशास्त्र शिकवतो. वनस्पतीतला एखादा रेणू औषध कसा होतो, कुठे अडतो आणि पुन्हा कसा उभा राहतो, हे समजावून सांगायला माझ्याकडे याच्याइतकं बोलकं प्रकरण दुसरं नाही. त्यात हे प्रकरण आपल्या सह्याद्रीत येऊन पोचतं, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

वीस किलो लाकूड

१९५० च्या दशकात मन्रो वॉल हे अमेरिकी कृषिखात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत काम करत होते. कॉर्टिसोन तयार करायला लागणारी कच्ची स्टेरॉइडं कोणत्या वनस्पतीत सापडतात, हा त्यांचा विषय. त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क त्यांनी काढले होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल यांनी त्यांतले हजारेक अर्क गाठींवर काही परिणाम करतात का हे बघायला मागून घेतले. त्या ढिगातून एक अर्क वेगळा उठून दिसला. तो होता कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी झाडाचा. चीनमध्ये त्याला शी शू, म्हणजे आनंदाचं झाड म्हणतात.

वॉल १९६० साली नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९६२ साली तिथे त्यांना एक सहकारी मिळाला : मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. तेव्हा तो भाग पश्चिम खानदेशात मोडत असे. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. आणि पुढचं सगळं आयुष्य एकाच प्रयोगशाळेत. कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल, कर्करोगावरच्या उपचारांची दिशा बदलणारे हे दोन्ही रेणू याच जोडीने शोधले. खानदेशातल्या प्रत्येक शाळेच्या विज्ञानकक्षात या माणसाचा फोटो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१९६३ मध्ये त्यांच्या हाती सुमारे वीस किलो लाकूड आणि साल आली. त्यातून नेमका रेणू शोधायचा कसा? आज हे शिकवताना मुलांना सोपं वाटतं, पण पद्धत बघा. अर्काचे भाग पाडायचे. प्रत्येक भाग ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या उंदरांना द्यायचा. ज्या भागाने उंदीर जास्त दिवस जगतात तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. ठेवलेल्या भागाचे पुन्हा भाग पाडायचे, पुन्हा उंदीर. यात रसायनशास्त्रज्ञाला स्वतःचं मत नसतं. कुठला भाग सुंदर स्फटिक देतो, कुठल्यात जास्त माल आहे, याला काही अर्थ नाही. उंदीर बोट दाखवेल तिकडे जायचं. असं करत करत शेवटी फिकट पिवळे स्फटिक हाती आले. त्या रेणूला आयोडीनचा जड अणू जोडून क्ष-किरणांनी त्याची रचना ठरवली गेली आणि १९६६ साली ती प्रसिद्ध झाली.

रेणू चपटा. पाच वलयं एकमेकांना चिकटून ओळीने बसलेली. पहिली चार सपाट आणि दणकट. पाचवं, म्हणजे ई-वलय, हे लॅक्टोन आहे : आम्ल आणि अल्कोहोल यांनी एकाच रेणूत एकमेकांचा हात धरून तयार केलेलं कडं. त्याच वलयातल्या विसाव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट. या विसाव्या कार्बनची मांडणी डावी की उजवी यावर सगळं अवलंबून. झाड फक्त एकच मांडणी बनवतं. तिचं आरशातलं प्रतिबिंब प्रयोगशाळेत तयार केलं तर ते जवळजवळ निष्क्रिय निघतं.

मीठ करण्याचा मोह

वनस्पतीतली अल्कलॉइडं पाण्यात आणायची तर रसायनशास्त्रज्ञाची एक ठरलेली युक्ती आहे. अल्कलॉइडातला नायट्रोजन आम्लारिधर्मी असतो, त्याला आम्ल द्यायचं, मीठ तयार होतं, आणि मीठ विरघळतं. क्विनिन सल्फेट, मॉर्फिन सल्फेट, सगळी नावं त्याच युक्तीची. कॅम्प्टोथेसिनपुढे ही युक्ती चालत नाही. त्याच्यात नायट्रोजन दोन आहेत, पण दोन्ही वलयांत असे गुंतलेले की आम्लाला दाद देत नाहीत. आणि शिरेतून द्यायचं औषध तर विरघळलंच पाहिजे.

मग उलट्या बाजूने वाट काढली गेली. अल्कली घातली की लॅक्टोनचं वलय उघडतं, कार्बोक्सिलेट तयार होतो आणि त्याचं सोडियम मीठ पाण्यात सहज जातं. आमच्या मुलींनी केलं अगदी तेच. हे सोडियम मीठ १९७० च्या सुमारास रुग्णांना देऊ लागले.

निकाल निराशाजनक होता. पोटाच्या आणि आतड्याच्या पुढच्या अवस्थेतल्या कर्करोगावर मेयो क्लिनिकने केलेल्या चाचणीत ६१ रुग्णांपैकी फक्त दोघांच्या गाठी आकसल्या. उलट त्रास भयंकर. पांढऱ्या पेशी घसरल्या, जुलाब झाले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूत्राशयाला आतून जखमा होऊन लघवीतून रक्त जाऊ लागलं. १९७२ साली चाचण्या थांबल्या.

इथे मी वर्गात थांबतो आणि मुलांना विचारतो : दोष कुणाचा? बहुतेक जण म्हणतात, रेणू विषारी होता. ते उत्तर त्या वेळच्या बहुतेक तज्ज्ञांनीही मान्य केलं होतं. पण जे घडलं ते असं. उघड्या वलयाचा रेणू पेशीत धड शिरत नाही आणि शिरला तरी ज्या जागी बसायचं तिथे बसत नाही. वॉल आणि वाणींनी नंतर तपासलं तेव्हा सोडियम मिठाची ताकद मूळ लॅक्टोनच्या दहाव्या हिश्श्याइतकीच भरली. म्हणून परिणाम हवा तर मात्रा वाढवावी लागली. वाढवलेली मात्रा मूत्रपिंडांनी गाळून मूत्राशयात सोडली. लघवी आम्लधर्मी. तिथे वलय पुन्हा मिटलं आणि खरं, जहाल कॅम्प्टोथेसिन नेमकं मूत्राशयाच्या अस्तरावर तयार झालं. औषध गाठीपाशी झोपलेलं होतं, जागं झालं ते चुकीच्या ठिकाणी.

आणखी एक फसगत उंदरांनी केली, तीही त्या वेळी कुणाला दिसली नाही. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. या पातळीला लॅक्टोन हळूहळू उघडत राहतो, थोडा मिटतो, थोडा उघडतो. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघडा रेणू घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तराजू कायम उघडण्याच्या बाजूला झुकतो. उंदराचं अल्ब्युमिन इतकं घट्ट धरत नाही. म्हणजे उंदरांमध्ये औषधाचा जास्त हिस्सा मिटलेल्या, कामाच्या रूपात राहतो आणि आकडे छान दिसतात. हा फरक १९९० च्या दशकात मोजला गेला. औषध एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात नेताना फक्त वजनाच्या हिशेबाने मात्रा काढणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा.

गोरेगाव, १९७२

ज्या वर्षी अमेरिकेत या औषधावर पडदा पडला, त्याच वर्षी मुंबईत त्याचं दुसरं झाड सापडलं. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन हे भारतीय वनस्पतींतले रेणू वेगळे करत होते. मॅपिया फीटिडा नावाच्या, पश्चिम घाटात वाढणाऱ्या छोट्या झाडात त्यांना कॅम्प्टोथेसिन मिळालं, शिवाय त्याचा ९-मेथॉक्सी भाऊबंदही. चिनी झाड आणि हे झाड वेगवेगळ्या कुळांतले, हजारो किलोमीटर दूरचे, आणि दोघांच्या सालीत तोच रेणू, त्याच मांडणीचा.

आज या झाडाचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ साली जॉन ग्रॅहम यांच्या नावाने निघाली, तिच्यात निम्मो नावाच्या संग्राहकाच्या सन्मानार्थ 'निम्मोनियाना' हा शब्द आला. आपल्याकडे म्हणतात नरक्या. काही भागांत अमृता, पण त्या नावाने गुळवेलही ओळखली जाते, म्हणून मी नरक्याच म्हणतो. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात पावसाळ्यात फिरलात तर झाड दिसायच्या आधी फुलांचा वास येतो. बारीक, पिवळसर पांढरी, लवदार फुलं, आणि वास सडक्या वस्तूसारखा. नाव कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. पानं रुंद, फांद्यांच्या टोकाशी दाटलेली. पानं गळून गेल्यावर फांदीवर त्यांच्या खुणा उमटून राहतात. फळ पिकलं की जांभळट काळं, लहानशा जांभळासारखं.

रूळ, गँगमन आणि गाडी

पुढची तेरा वर्षं रेणू जवळजवळ पडून होता. काही रसायनशास्त्रज्ञ त्याचं संश्लेषण करत राहिले, कारण रचना आव्हानात्मक होती. वॉल आणि वाणी त्याचे भाऊबंद बनवत राहिले. पण हा रेणू पेशीला नक्की मारतो कसा, हेच कळलं नव्हतं. १९८५ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या लेरॉय लिऊ यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवलं. लक्ष्य निघालं टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम.

पिळाचा सुंभ मधून उलगडायला घ्या. उलगडत जाल तसा पुढचा पीळ आणखी घट्ट होतो, शेवटी गाठी पडतात. पेशी विभागताना डीएनएचा दुहेरी पीळ असाच उलगडावा लागतो. टोपोआयसोमरेज-१ काय करतं, दोन धाग्यांपैकी एक कापतं, ताण मोकळा होऊ देतं आणि लगेच सांधतं. कापलेलं टोक या वेळात ते स्वतःच्या एका टायरोसिन या अमिनो आम्लाला बांधून धरतं, म्हणजे सुटून जाऊ नये. हे सगळं क्षणात होतं आणि पेशीत सतत चालू असतं.

कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं. त्याची चपटी वलयं डीएनएच्या पायऱ्यांमध्ये पत्त्यासारखी सरकतात, आणि मिटलेलं ई-वलय आणि विसाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल एन्झाइमला धरतात. सांधा जुळत नाही. मी वर्गात रेल्वेचं उदाहरण देतो. गँगमननी एक रूळ सोडवला आहे, दोन मिनिटांत परत बसवणार आहेत. कुणीतरी त्यांना तिथेच अडवून धरलं. नुसतं एवढ्याने काही बिघडत नाही. पण तेवढ्यात त्या मार्गावर गाडी आली की अपघात. ही गाडी म्हणजे डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा. ती धडकली की दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. म्हणून हे औषध प्रत काढत असलेल्या, झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना जास्त मारतं. गाठी त्यात येतात, आणि दुर्दैवाने अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तरही येतं.

यात औषधशास्त्राचा एक फार सुंदर मुद्दा आहे. आपण सहसा म्हणतो, औषध एन्झाइम बंद पाडतं. इथे तसं नाही. १९८८ साली यीस्टमधून टोपोआयसोमरेज-१ चं जनुकच काढून टाकलं, तर ते यीस्ट कॅम्प्टोथेसिनला अजिबात बधत नव्हतं. एन्झाइम नसेल तर विषही नाही. गँगमनच नसतील तर अडवणार कुणाला? एन्झाइम जितकं जास्त, तितका अपघात मोठा.

मग स्वतःच्या सालीत हे विष भरून ठेवणारं झाड कसं जगतं? २००८ साली जपानी संशोधकांनी कॅम्प्टोथेका आणि ऑफिओर्रायझा या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये उत्तर शोधलं. एन्झाइमच्या एका जागी अमिनो आम्ल बदललेलं आहे, त्यामुळे रेणू तिथे नीट बसत नाही. आणि या औषधाला दाद न देणाऱ्या मानवी ल्युकेमियाच्या पेशींतही बरोबर त्याच जागी तोच बदल आधी सापडलेला होता. झाडाने लाखो वर्षांत जे साधलं ते कर्कपेशी प्रयोगशाळेतल्या काही महिन्यांत साधते. हे मुलांना सांगतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

वलय न उघडता

लक्ष्य कळलं आणि चूकही कळली. आता प्रश्न नीट मांडता आला : पाचव्या वलयाला हात न लावता रेणू पाण्यात कसा न्यायचा? उत्तर दुसऱ्या टोकाला होतं. पहिल्या दोन वलयांवर, सातव्या, नवव्या आणि दहाव्या जागेवर बदल केले तर एन्झाइमला फारसा फरक पडत नाही. मग तिथे आम्लाशी मीठ करणारा नायट्रोजन जोडा. जुनीच युक्ती, पण योग्य ठिकाणी.

टोपोटेकन असं झालं : नवव्या जागेवर अमाइन असलेला छोटा गट, दहाव्यावर हायड्रॉक्सिल. अमेरिकेत १९९६ साली अंडाशयाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. इरिनोटेकन जपानमध्ये झालं. ते बनवणारी कंपनी याकुल्ट, होय, आपल्याकडे छोट्या बाटलीत मिळणाऱ्या आंबट-गोड पेयाचीच. जपानमध्ये परवानगी १९९४ साली, अमेरिकेत १९९६ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. सातव्या जागेवरचा एथिल गट आणि दहाव्यावरचा हायड्रॉक्सिल यांचा आणखी एक फायदा निघाला : अशा रेणूंचं उघडं रूप मानवी अल्ब्युमिनला पूर्वीसारखं घट्ट चिकटत नाही, त्यामुळे मिटलेलं रूप रक्तात जास्त टिकतं.

इरिनोटेकन स्वतः जवळजवळ निष्क्रिय आहे. शरीरातली कार्बोक्सिलएस्टरेज एन्झाइमं त्याचा शेपटीसारखा जोडलेला गट तोडतात आणि एसएन-३८ मोकळं होतं, जे इरिनोटेकनपेक्षा शंभर ते हजार पट जहाल. ते काम झालं की यकृतातलं यूजीटी१ए१ हे एन्झाइम एसएन-३८ ला साखरेचं शेपूट लावून निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. आता आतड्यातले जिवाणू. त्यांच्याकडे साखरेचं शेपूट कापणारं एन्झाइम असतं. ते कापलं की एसएन-३८ पुन्हा जिवंत, थेट आतड्याच्या अस्तरापाशी. चोवीस तासांनंतर सुरू होणारे, कधी जिवावर बेतणारे जुलाब यातून येतात. १९७० च्या रुग्णांच्या मूत्राशयात घडलेल्या गोष्टीची ही आतड्यातली आवृत्ती आहे. सलाइन चालू असताना किंवा लगेच होणारे जुलाब, घाम, पोटात कळ, हे मात्र वेगळं प्रकरण. त्यावर ॲट्रोपिन देतात. दोन्ही जुलाबांत गल्लत करू नये, म्हणून नर्सिंगच्या मुलींनाही मी हे मुद्दाम शिकवतो.

काही लोकांच्या यूजीटी१ए१ जनुकात एक छोटी वाढीव पुनरावृत्ती असते. गिल्बर्ट सिंड्रोम असलेल्यांचे डोळे उपासाच्या दिवशी पिवळे दिसतात, त्याच्यामागे हाच बदल असतो. एरवी निरुपद्रवी. पण हा बदल दोन्ही प्रतींत असेल तर एसएन-३८ साचत जातं आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात. अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा २००५ साली आला. इरिनोटेकन सुरू करण्याआधी "घरात कुणाला सारखी हलकी कावीळ दिसते का?" एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना आपणहून सांगायच्या यादीत असावं.

सगळ्यात अलीकडचा टप्पा मला फार आवडतो. रेणू थेट रक्तात सोडण्याऐवजी तो प्रतिपिंडाला बांधायचा, प्रतिपिंड गाठीच्या पेशीवरची खूण ओळखून आत जाणार आणि माल तिथे उतरवणार. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकन, २०१९. एका प्रतिपिंडावर कॅम्प्टोथेसिनच्या सांगाड्यावर बांधलेले आठेक रेणू. सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकनमध्ये तर एसएन-३८ च आहे. त्याला २०२० च्या एप्रिलमध्ये मान्यता मिळाली. त्याच एप्रिलमध्ये मनसुख वाणी वयाच्या ९५ व्या वर्षी गेले.

पिशवीतली साल

टोपोटेकन आणि इरिनोटेकनसाठी लागणारं मूळ कॅम्प्टोथेसिन आजही मोठ्या प्रमाणावर झाडांतूनच काढलं जातं, आणि त्यात नरक्याचा वाटा मोठा आहे. हिशोब करून बघा. वाळलेल्या लाकडात ०.१ टक्का धरला, तर एक किलो रेणूसाठी एक टन लाकूड, तेही काढताना काहीच वाया गेलं नाही असं समजून. प्रत्येक झाडात प्रमाण सारखं नसतं. एकाच डोंगरावरच्या दोन झाडांत कित्येक पटींचा फरक निघतो. पानांत कमी, सालीत जास्त, मुळांत बहुधा सगळ्यात जास्त. या शेवटच्या गोष्टीनेच घात केला आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडलं तर नरक्याला फुटवे येतात. मुळं खणली तर काही उरत नाही. घाटमाथ्यावरच्या तालुक्यांतून नरक्याचे भरलेले टेम्पो पकडल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो.

पर्याय शोधले गेले आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून त्यांच्याकडून रेणू काढायचे प्रयोग झाले. २००५ साली जम्मूच्या प्रयोगशाळेने नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी कॅम्प्टोथेसिन बनवते असं दाखवलं तेव्हा खूप आशा पालवल्या. पण अशा बुरश्या झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन घसरत जातं. चिनी झाडातल्या एका बुरशीत तर रेणूच्या साखळीतली एक महत्त्वाची पायरी तिला स्वतःला येत नाही, ती झाडाच्या एन्झाइमवर अवलंबून असते असं आढळलं. माझा भरवसा आहे तो साध्या कामावर : जास्त रेणू देणारी झाडं हुडकून त्यांची कलमं शेताच्या बांधावर लावणं, आणि मुळांना हात न लावता फुटवे घेणं.

मागच्या पावसाळ्याआधी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. बरोबर प्लास्टिकच्या पिशवीत वाळलेल्या सालीचे तुकडे. "सर, आमच्या आत्याला आतड्याचा कॅन्सर निघालाय. गावात एकाने ही नरक्याची साल दिली. उकळून द्या म्हणाला. द्यावी का?"

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. हा रेणू पाण्यात उतरत नाही, त्यामुळे काढ्यात किती आला हे कुणालाच कळणार नाही. उतरला नाही तर उपयोग शून्य. थोडाफार उतरला तर आतड्यावर आणि रक्तपेशींवर मोजमाप नसलेलं विष, तेही केमोथेरपी चालू असताना. सालीतून औषध होईपर्यंत तीस वर्षं गेली ती याच मोजमापासाठी. "आत्यांना काढा देऊ नकोस. डॉक्टर काय देणार आहेत?" त्याने खिशातून चिठ्ठी काढली. दुसऱ्या ओळीत इरिनोटेकन होतं. "म्हणजे हेच का, सर?" हेच, फक्त पाचव्या वलयाला हात न लावता पाण्यात विरघळणारं केलेलं आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती साल प्रयोगशाळेत नेली. मिथेनॉलमध्ये भिजवून पातळ थराच्या पट्टीवर एक ठिपका, शेजारी शुद्ध नमुन्याचा ठिपका. पट्टी वाळवून खोलीतला दिवा घालवला आणि अतिनील दिव्याखाली धरली. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर, एकाच निळ्या रंगात झळाळले. खरीच नरक्या होती, आणि तुकडे जाड, वाकडे, मातीचा वास असलेले होते. मी विचारलं, "ही खोडाची नाही, मुळाची दिसते." तो म्हणाला, "हो सर. मुळासकट काढलं म्हणत होता."

जुलैमध्ये आम्ही दोघं ती जागा बघायला गेलो. खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि कडेची माती ढासळत होती. वीसेक पावलांवर दुसरं झाड, कुणीतरी कधीतरी कोयत्याने गुडघ्याशी छाटलेलं. त्याच्या बुंध्याला चार फुटवे आले होते, पानं हाताच्या पंजाएवढी. विद्यार्थ्याने चार दगड आणून त्या बुंध्याभोवती आळं केलं. आत्यांचा तिसरा डोस त्या आठवड्यात होता. जुलाब झाले तर कोणाला, कधी फोन करायचा ते त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं होतं, ते त्याने मला पुन्हा एकदा वाचून दाखवलं.